समुद्रातली वहिवाट

साताऱ्यातल्या एका महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेला नुकताच परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय होता, 'महासत्तांच्या स्पर्धेत लहान राष्ट्राने आपल्या सागरी हक्कांसाठी एका महासत्तेचा आश्रय घ्यावा'. जवळजवळ सर्वांनी उदाहरण घेतले ते सागरी हक्कांवरून चीनशी वाद असलेल्या फिलिपिन्सचे. तयारी मनापासून केलेली होती. दक्षिण चिनी समुद्राचे नकाशे पाठ होते, भारताने फिलिपिन्सला २०२२ मध्ये ब्रह्मोस क्षेपणास्त्रे विकण्याचा करार केला आणि २०२४ मध्ये ती पोचवायला सुरुवात केली हेही मुलांना ठाऊक होते. तरीही दोन तास ऐकल्यावर मन अस्वस्थ झाले, कारण सगळा वाद एकाच खुंट्याभोवती फिरत राहिला. अनुकूल बाजूचे म्हणणे 'दगडापेक्षा वीट मऊ', म्हणून अमेरिकेच्या पदराखाली जावे. प्रतिकूल बाजूचे म्हणणे 'बळी तो कान पिळी', शेजारी चीन आहे आणि अमेरिका प्रशांत महासागराच्या पलीकडे आहे, तेव्हा मुकाट्याने जुळवून घ्यावे. दोन्ही बाजूंनी लहान राष्ट्रापुढे एकच निर्णय ठेवला, कोणाच्या दारात जाऊन उभे राहायचे. दोष मुलांचा नाही. आपल्याकडच्या वाहिन्यांवरच्या चर्चा आणि बरेचसे लेखही याच दोन टोकांमध्ये अडकलेले असतात.

माझे मत वेगळे आहे आणि ते आधीच स्पष्ट सांगतो. लहान राष्ट्राचा खरा प्रश्न कोणाच्या बाजूला जावे हा नाही, तर आपले भांडण आपल्याच हातात कसे ठेवावे हा आहे. ज्या दिवशी त्याचे भांडण हे दोन बड्यांच्या भांडणाचा एक तुकडा बनते, त्या दिवशी ते केव्हा पेटवायचे, केव्हा विझवायचे आणि कशाच्या बदल्यात सोडून द्यायचे हे दुसरेच कोणी ठरवू लागते. ते हातात ठेवायचे असेल तर भांडण जितके लहान, जितके नेमके आणि जितके मोजता येण्याजोगे करता येईल तितके करावे लागते, आणि त्याच वेळी प्रत्यक्ष जागेवरची वहिवाट एक दिवसही मोडू द्यायची नसते. मित्र लागतात, शस्त्रे लागतात, पैसा लागतो. पण या सगळ्या गोष्टी त्यानंतर येतात.

वहिवाट हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. आपल्या भागात बांधाची भांडणे कोणाला नवीन नाहीत. दांडगा शेजारी एका रात्रीत शेत बळकावत नाही. तो दरवर्षी नांगरताना एका सरीएवढा बांध कोरतो. तक्रार केली तर म्हणतो, 'हातभर जमिनीसाठी एवढा गाजावाजा कशाला?' दहा वर्षांनी बांध चार पावले सरकलेला असतो, आणि मग तोच म्हणतो की आमची वहिवाट कायम इथपर्यंतच होती. अशा शेजाऱ्यापुढे दुबळा शेतकरी काय करतो? शहाणा असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मोजणी आणतो, खुणांचे दगड रोवून घेतो, बांधाच्या कडेपर्यंत पेरणी करतो आणि कोरताना पाहिलेल्या माणसांना बोलते करतो. त्याने करायची नाही ती एकच गोष्ट: शेजाऱ्यापेक्षा मोठ्या दांडग्याला बोलावून 'तूच बघ आता' असे म्हणणे. तसे ज्यांनी केले, त्यांच्या सातबाऱ्यावर पुढे कोणाची नावे चढली हे गावोगावी माहीत आहे.

समुद्रातही बांध असेच कोरले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राष्ट्राचा प्रादेशिक समुद्र असतो आणि २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, मासे, वायू आणि तेल यांवर त्या राष्ट्राचा हक्क असतो. फिलिपिन्सच्या पलावान बेटापासून मिस्चीफ हा प्रवाळ खडक या अंतराच्या पुष्कळ आत आहे. १९९५ मध्ये तिथे चीनने खांबांवरच्या काही खोल्या उभ्या केलेल्या आढळल्या. विचारणा झाली तेव्हा उत्तर मिळाले की हे मच्छीमारांसाठीचे निवारे आहेत. त्याच जागी आज भराव टाकून तयार केलेले बेट आहे आणि त्यावर लष्करी विमाने उतरू शकतील अशी धावपट्टी आहे. यातल्या कोणत्याही एका दिवशी युद्ध करावे असे घडले नव्हते, आणि नेमके त्यातच या पद्धतीचे बळ आहे.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ. कायद्याची मोजणी कितीही अचूक असली तरी ती अमलात कोण आणणार? फिलिपिन्सने जानेवारी २०१३ मध्ये चीनविरुद्ध लवादाकडे दाद मागितली. १२ जुलै २०१६ रोजी द हेगमधून निवाडा आला. नऊ तुटक रेषांनी जवळजवळ सगळा समुद्र वेढणाऱ्या चिनी दाव्याला कायद्याचा आधार नाही, असे त्यात स्वच्छ म्हटले होते. चीनने सुनावणीतच भाग घेतला नव्हता. निवाडा आल्यावर त्याच्या परराष्ट्र खात्याने त्याला रद्दी कागद म्हटले. फिलिपिन्सच्या २०० मैलांच्या आतल्या स्कारबरो खडकाभोवती आजही चिनी तटरक्षक जहाजांचाच पहारा आहे. मग उपयोग काय झाला? हा प्रश्न फेटाळून लावण्यासारखा नाही, आणि साताऱ्याच्या माणसाने तर तो मुळीच फेटाळू नये. १८१९ मध्ये कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी तह केला आणि वीस वर्षांनी, १८३९ मध्ये, त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांच्यावरच्या आरोपांत गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचाही आरोप होता. म्हणजे एका लहान राज्याने दुसऱ्या सत्तेशी बोलणे हाच अपराध ठरला. महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते तहाची कलमे आणि पत्रव्यवहाराचे पुरावे घेऊन लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तिथे दारोदार दाद मागत राहिले. ते लंडनमध्ये असतानाच १८४८ मध्ये डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारचे राज्य खालसा केले. तहाचे कलम त्यांच्या बाजूने होते, सत्य त्यांच्या बाजूने होते, काही इंग्रज सभासदही त्यांच्या बाजूने बोलत होते. पदरात काही पडले नाही.

ही कथा आपल्याकडे नेहमी एकच धडा म्हणून सांगितली जाते: बळ नसेल तर कागद व्यर्थ. मला त्यातून दुसरे काही दिसते. रंगो बापूजींचे न्यायालय कोणते होते? कंपनीचे संचालक मंडळ आणि तिच्याच देशाची पार्लमेंट. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तोच न्यायाधीश होता, आणि त्या निकालाचे बरेवाईट ज्याला भोगावे लागेल असे तिसरे कोणी त्या खोलीत नव्हते. तहामुळे सातारकरांना इतर कोणत्याही दरबाराशी परवानगीवाचून बोलण्याची मुभा नव्हती, त्यामुळे साक्षीदारही जोडता आले नाहीत. त्यांची हार झाली ती कागद कमकुवत होता म्हणून नव्हे, तर कागद दाखवायला दुसरी जागाच ठेवलेली नव्हती म्हणून. आजच्या लहान राष्ट्राजवळ ती जागा आहे. ती अपुरी आहे, संथ आहे, तिच्याकडे शिपाई नाहीत. पण ती प्रतिवादीच्या मालकीची नाही. या एका फरकाने किती बदल होतो ते आपल्या शेजारी पाहता येते.

नोव्हेंबर २००८ मध्ये म्यानमारच्या नौदलाच्या सोबतीने एका कोरियन कंपनीची वायुशोधाची जहाजे बंगालच्या उपसागरातल्या वादग्रस्त भागात शिरली. बांगलादेशानेही युद्धनौका पाठवल्या आणि काही दिवस तणाव राहिला. भारताशीही त्याचा सागरी सीमेचा वाद स्वातंत्र्यापासून रेंगाळत होता. आपल्या माध्यमांच्या तर्काने पाहिले तर बांगलादेशापुढे दोनच वाटा होत्या: भारताविरुद्ध चीनला जवळ करावे किंवा भारत देईल ते घ्यावे. त्याने ऑक्टोबर २००९ मध्ये दोन्ही शेजाऱ्यांविरुद्ध एकाच वेळी सागरी कायद्याखाली दावा लावला. म्यानमारशी असलेल्या सीमेचा निकाल मार्च २०१२ मध्ये लागला, भारताशी असलेल्या सीमेचा ७ जुलै २०१४ रोजी. भारताबरोबरच्या वादातल्या सुमारे २५,६०२ चौरस किलोमीटर समुद्रापैकी १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशाला मिळाला, आणि भारताने तो निकाल मान्य केला. या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट मात्र दक्षिण तलपट्टी बेटाची आहे. १९७० च्या चक्रीवादळानंतर नदीमुखापाशी वर आलेल्या या गाळाच्या बेटावरून दोन्ही देशांत दशकानुदशके भावना तापवल्या गेल्या. निकाल लागला तोवर बेट पाण्याखाली गेले होते आणि त्या जागेचा समुद्र भारताच्या बाजूला आला. ढाक्यात विरोधकांनी तलपट्टी घालवल्याची ओरड केली. पण ज्या सरकारने बेटाच्या नावाचा हट्ट सोडून समुद्राच्या क्षेत्रफळाकडे लक्ष दिले, त्या सरकारने आपल्या मच्छीमारांचे आणि पुढच्या पिढीच्या वायूचे हित ओळखले, असे मला वाटते. भांडण लहान करणे याचा अर्थ हाच. प्रतिष्ठा कुठे आहे आणि पोट कुठे आहे हे वेगवेगळे मांडता यायला हवे.

यावर कोणी म्हणेल की भारत म्हणजे चीन नव्हे. मान्य आहे. निवाडा मानणारा शेजारी मिळणे हे बांगलादेशाचे भाग्य होते. मग असा शेजारी नसलेल्यांचे काय? मॉरिशसकडे पाहा, कोकणातून गेलेल्या गिरमिटिया मजुरांच्या वंशजांमुळे आपल्याला तो देश परका नाही. १९६५ मध्ये, स्वातंत्र्य देण्याआधी तीन वर्षे, ब्रिटनने छागोस बेटे मॉरिशसपासून तोडली आणि तिथल्या रहिवाशांना हुसकावून दिएगो गार्सियावर अमेरिकेला तळ उभारू दिला. समोर एक नव्हे, दोन बड्या सत्ता आणि वर हिंदी महासागरातला त्यांचा सर्वांत महत्त्वाचा तळ. मॉरिशसकडे लढाऊ नौदल नाही. त्याने तळाला हात लावला नाही. उलट तळ राहू द्यायला आपण तयार आहोत असे तो सांगत राहिला आणि वाद फक्त मालकीपुरता ठेवला. ब्रिटनने तिथे सागरी अभयारण्य जाहीर केले तेव्हा त्याच मुद्द्यावर लवादाकडे जाऊन २०१५ मध्ये निकाल मिळवला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत आणि मग संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६ असे मतदान त्याने आपल्या बाजूने घडवून आणले. ब्रिटनने हे मतही आधी झिडकारलेच होते. तरीही २०२२ मध्ये त्याला बोलणी सुरू करावी लागली आणि २२ मे २०२५ रोजी मॉरिशसचे सार्वभौमत्व मान्य करून दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेण्याच्या करारावर सह्या झाल्या. बड्या सत्तेने निवाडा पहिल्या दिवशी मानला नाही म्हणून तो निकामी ठरतो का? दरवर्षी त्या मोजणीचा नकाशा पुढे ठेवणारा कोणी असेल तर बड्यालाही प्रत्येक सभेत त्याचे उत्तर द्यावे लागते. २०१६ चा निवाडा मिळाल्यानंतर पहिली सहा वर्षे खुद्द फिलिपिन्सच्याच सरकारने तो बहुतांशी कपाटात ठेवला, हे विसरून आपण त्याचे मूल्यमापन करतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: पाठीशी मोठे कोणी नसेल तर लहान राष्ट्र गिळले जाते. याला पुरावाही आहे. फिलिपिन्सच्या सिनेटने १९९१ मध्ये अमेरिकी तळांचा करार नाकारला, १९९२ च्या अखेरीस सुबिकचा तळ रिकामा झाला, आणि तीनच वर्षांत मिस्चीफवर त्या खोल्या उभ्या राहिल्या. हा योगायोग नव्हता असे मलाही वाटते. एखाद्या मित्राची नौका जवळपास असल्याने बांध कोरणाऱ्याचा हात थोडा आखडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 'मित्र असावा' आणि 'भांडण मित्राच्या हाती सोपवावे' या दोन गोष्टींत अंतर आहे आणि त्या अंतरात राष्ट्रे बुडाली आहेत. जानेवारी १९७४ मध्ये चीनने दक्षिण चिनी समुद्रातल्या पॅरासेल बेटांचा उरलेला भाग दक्षिण व्हिएतनामकडून लढून घेतला. दक्षिण व्हिएतनाम हा अमेरिकेचा मित्र, ज्याच्यासाठी अमेरिकेचे हजारो सैनिक मेले होते. अमेरिकी आरमार त्या समुद्रात असूनही हलले नाही, कारण तोवर वॉशिंग्टनने बीजिंगशी नवे संबंध जोडायला घेतले होते. चौदा वर्षांनी, मार्च १९८८ मध्ये, स्प्रॅटली समूहातल्या जॉन्सन साउथ खडकावर चिनी नौदलाने ६४ व्हिएतनामी सैनिक मारले. आता एकत्रित व्हिएतनामचा आश्रयदाता सोव्हिएत संघ होता; १९७८ चा मैत्री करार होता, काम रान्ह उपसागरात सोव्हिएत नौदलाचा तळ होता. तेही हलले नाहीत, कारण गोर्बाचेव्हना चीनशी तडजोड हवी होती. एकच देश, एकच समुद्र, दोन विरुद्ध छावण्यांतले दोन आश्रयदाते, आणि दोन्ही वेळा फळ तेच. आश्रय देणारा लबाड होता असे मी म्हणत नाही. त्याचे हिशेब त्याचे होते, एवढेच.

फिलिपिन्सलाही याचा अनुभव आहे. एप्रिल २०१२ मध्ये स्कारबरो खडकापाशी त्याची आणि चीनची जहाजे समोरासमोर उभी ठाकली. अमेरिकी मुत्सद्द्यांच्या मध्यस्थीने दोघांनीही माघार घ्यायचे ठरले, असे मनिलाचे म्हणणे आहे; असा काही समझोता झाल्याचे चीन मानत नाही. जूनमध्ये फिलिपिन्सची जहाजे निघून आली, आणि खडकाचा ताबा चीनकडे गेला तो गेलाच. मध्यस्थाच्या शब्दावर वहिवाट सोडली त्याची ही किंमत. आणि हेही लक्षात घ्यावे की ज्या सागरी कायद्याच्या नावाने अमेरिका तिथे नौका फिरवते, त्या करारात ती स्वतः आजवर सामील झालेली नाही.

आपल्या इतिहासात याहून बोलके उदाहरण आहे. कान्होजी आंग्र्यांनी उभे केलेले आरमार त्यांच्या मुलांमध्ये वाटले गेले आणि विजयदुर्गावर तुळाजी आंग्रे आले. तुळाजींचे आणि नानासाहेब पेशव्यांचे पटत नव्हते. पेशव्यांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. तुळाजी मराठी मुलखालाही त्रास देत होते. टोपीकरांना, म्हणजे युरोपीयांना, समुद्रकिनारी पाय रोवू देऊ नये, अशी ताकीद रामचंद्रपंत अमात्यांनी चाळीसेक वर्षांपूर्वीच लिहून ठेवली होती. तरीही घरातले भांडण मिटवायला मुंबईकर इंग्रजांना सोबत घेतले गेले. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला, फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि बंदरात उभे असलेले तुळाजींचे आरमार जाळून टाकले. किल्ला पेशव्यांना द्यायचा असताना इंग्रजांनी तो महिनोन्महिने सोडला नाही, आणि सोडला तो बाणकोट व आसपासची गावे पदरात पाडून. तुळाजी कैदेत गेले, तक्रार मिटली. पण पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवू शकणारी सर्वांत मोठी मराठी ताकद त्या दिवशी जळाली, आणि ती जळताना पेशव्यांची फौज किनाऱ्यावर इंग्रजांची मित्र म्हणून उभी होती. हे आठवले की 'दगडापेक्षा वीट मऊ' हे वाक्य माझ्या गळी उतरत नाही.

मग बड्यांच्या स्पर्धेचा लहानाला काहीच उपयोग नाही का? आहे, आणि तो कसा करावा हे आइसलँडने दाखवले. तेव्हाची त्याची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आत, म्हणजे आपल्या कराड तालुक्याहूनही कमी. मासे हेच त्याचे पीकपाणी. त्याने मासेमारीची हद्द १९५८ मध्ये १२ मैल, १९७२ मध्ये ५० आणि १९७५ मध्ये २०० मैल केली, आणि प्रत्येक वेळी ब्रिटनने आपल्या ट्रॉलरांच्या रक्षणासाठी युद्धनौका पाठवल्या. आइसलँडच्या मूठभर गस्तनौका शक्यतो गोळीबार टाळत, ब्रिटिश ट्रॉलरांच्या जाळ्यांचे दोर कापत राहिल्या. खरा दाब मात्र आइसलँडमधल्या केफ्लाविक इथल्या अमेरिकी तळाचा होता. सोव्हिएत पाणबुड्यांवर नजर ठेवणारा तो तळ नाटोला, म्हणजे दोन्ही देश ज्या लष्करी आघाडीत होते तिला, हवा होता, आणि हा समुद्र आमचा राहणार नसेल तर नाटोत राहण्याचा विचार करावा लागेल, असे आइसलँडने सुचवले. ब्रिटनवर दडपण आणायला स्वतः नाटोच सरसावली. १ जून १९७६ रोजी ब्रिटनने माघार घेतली. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल आइसलँडच्या विरोधात गेला होता आणि त्याने तो जुमानला नाही. माझ्या मांडणीला हे टोचते. परंतु त्याच वर्षांत जगातली बहुसंख्य किनारी राष्ट्रे २०० मैलांकडे चालली होती. आपल्या कराडचे यशवंतराव चव्हाण परराष्ट्रमंत्री असताना, १९७६ मध्ये, भारतानेही आपल्या सागरी क्षेत्रांचा कायदा करून २०० मैलांचा हक्क सांगितला. आइसलँड एकटा कायदा मोडत नव्हता, नव्या कायद्याच्या दोन पावले पुढे चालत होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने छावणी बदलली नाही, छावणीतल्या आपल्या जागेची किंमत वसूल केली, आणि मागणी एका माशाच्या हद्दीपलीकडे कधी वाढवली नाही.

'जुळवून घ्या' म्हणणाऱ्यांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. शेजारी बदलता येत नाही, व्यापार त्याच्याशीच आहे, आणि आरडाओरडा न करता काम साधणारा मलेशियासारखा देशही आहे, जो चीनचे निषेध ऐकून घेतो आणि सारावाकच्या समुद्रातून वायू काढत राहतो. मलेशियाच्या पद्धतीबद्दल मला आदर आहे, कारण तिथे बोलणे मऊ असले तरी विहिरी बंद झालेल्या नाहीत. वहिवाट चालू आहे. फिलिपिन्सचे अध्यक्ष दुतेर्ते यांनी २०१६ नंतर केले ते वेगळे होते. त्यांनी निवाडा बाजूला ठेवला आणि गुंतवणुकीची आश्वासने घेतली, ज्यांतली बरीच प्रत्यक्षात आली नाहीत. जून २०१९ मध्ये पलावानजवळच्या रीड बँक या उथळ समुद्रभागापाशी रात्री नांगरून पडलेल्या एका फिलिपिनो मासेमारी नौकेला चिनी नौकेने धडक दिली आणि पाण्यात पडलेल्या २२ जणांना तसेच सोडून ती निघून गेली. दुतेर्तेंनी या घटनेला समुद्रावरचा एक किरकोळ अपघात म्हटले. त्या बावीस जणांना वाचवले कोणी? जवळ असलेल्या व्हिएतनामी मच्छीमारांनी, ज्यांचा देश त्याच पाण्यावर फिलिपिन्सविरुद्ध हक्क सांगतो. लहानांनी आपापसातले वाद आधी मिटवावेत असे मला वाटते ते यामुळेच. व्हिएतनाम आणि इंडोनेशिया यांनी बारा वर्षे बोलणी करून डिसेंबर २०२२ मध्ये आपली आर्थिक क्षेत्रांची, म्हणजे २०० मैलांच्या हक्कांची, सीमा ठरवली. तिची बातमी आपल्याकडे फारशी झाली नाही, पण दोन लहान शेजाऱ्यांमधली प्रत्येक ठरलेली रेषा ही तिसऱ्याच्या दाव्याविरुद्धची साक्ष असते.

वहिवाटीचे सांगायचे तर मिस्चीफजवळच्या सेकंड थॉमस खडकावरचे 'सिएरा माद्रे' जहाज डोळ्यांपुढे आणावे. दुसऱ्या महायुद्धातले हे जुने जहाज फिलिपिन्सने १९९९ मध्ये मुद्दाम त्या खडकावर रुतवले. ते गंजून चालले आहे, त्यावर मूठभर नौसैनिक राहतात आणि त्यांना लहान बोटींनी रसद जाते. चिनी जहाजांनी अनेकदा वाट अडवली, पाण्याचे झोत मारले. १७ जून २०२४ च्या झटापटीत एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला. हे पाहताना मला १६७९ चे खांदेरी आठवते. शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या त्या बेटावर तट बांधायला घेतला, तेव्हा बेट आपले आहे म्हणून इंग्रजांनी नौकांचा वेढा घातला आणि पुढे सिद्दीही त्यांना येऊन मिळाला. मराठ्यांची गलबते इंग्रजांच्या मोठ्या जहाजांपुढे लहान होती, पण उथळ पाण्यातून वल्ही मारत रात्री थळच्या किनाऱ्यावरून ती बेटावर माणसे आणि सामान पोचवत राहिली. मायनाक भंडारी आणि त्यांची माणसे बेटावर टिकून राहिली. इंग्रज आणि सिद्दी एकमेकांकडे संशयाने पाहू लागले, खर्च वाढत गेला, आणि १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी समझोता करून माघार घेतली. त्या दिवसांत मराठ्यांनी खुल्या समुद्रात मोठी लढाई जिंकली नव्हती. त्यांनी फक्त रसद तुटू दिली नाही. फिलिपिन्सनेही २०२३ पासून एक गोष्ट नव्याने सुरू केली: तटरक्षक नौकांवर पत्रकारांना नेणे आणि प्रत्येक झोताचे, प्रत्येक धडकेचे चित्रण जगापुढे ठेवणे. बांध कोरताना पाहणारे साक्षीदार त्याने अशा रीतीने जमवले. त्याने अमेरिकेला खुले केलेले तळ २०२३ मध्ये पाचावरून नऊ केले, याची मात्र मला काळजी वाटते. त्यांतले काही उत्तर लुझोनमध्ये, तैवानच्या समोर आहेत. तैवानवरून उद्या काही पेटले तर पलावानच्या मच्छीमाराचा प्रश्न त्या आगीत कोणाला दिसणार आहे?

लोकमत तापवण्याबद्दल थोडे बोलायला हवे. मे २०१४ मध्ये चीनने पॅरासेलजवळ तेल खोदणारा तराफा आणला तेव्हा व्हिएतनाममध्ये संतापाची लाट उठली, आणि जमावाने जे कारखाने जाळले त्यांत अनेक चिनी नव्हेत तर तैवानी मालकीचे होते. जुलैच्या मध्यात तराफा निघून गेला. तोवर व्हिएतनामी तटरक्षक नौका गोळी न झाडता त्याच्याभोवती टिकून राहिल्या होत्या. काम त्या नौकांनी केले, जाळपोळीने देशाचे नुकसानच केले. ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावे आहेत, जिथे गावोगावी हुतात्म्यांचे स्तंभ आहेत, तिथे तरी व्यासपीठावरून 'एकदाचे लढून टाका' हे शब्द सहज येऊ नयेत.

हे सगळे लिहायला बसलो त्याचे एक कारण स्पर्धेच्या शेवटी घडले. उत्स्फूर्त भाषणाच्या फेरीत भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या सामुद्रधुनीतले कच्चथीवू बेट हा विषय आला. फिलिपिन्सच्या बाजूने तासाभरापूर्वी अत्यंत कळकळीने बोललेला विद्यार्थी उठला आणि म्हणाला, भारताने ते बेट श्रीलंकेकडून परत घ्यावे, एवढासा देश काय करणार आहे. टाळ्या जोरात पडल्या. १९७४ च्या कराराने ते सव्वा चौरस किलोमीटरहून लहान बेट श्रीलंकेकडे गेले आणि १९७६ च्या समझोत्याने कन्याकुमारीजवळचा मासेसमृद्ध वाड्ज बँक हा उथळ समुद्रभाग भारताकडे आला. या व्यवहाराचा दुसरा अर्धा भाग त्याला कोणी सांगितलेला नव्हता. रामेश्वरच्या मच्छीमारांचे हाल खरे आहेत, त्यांची अटक होते, नौका जप्त होतात. पण त्या सामुद्रधुनीच्या पलीकडे जाफन्याचा तमिळ मच्छीमारही आहे. यादवी युद्धाच्या काळात त्याला वर्षानुवर्षे समुद्रात जाऊ दिले नव्हते, आणि आता तो लहान नाव घेऊन निघतो तेव्हा आपल्या बाजूचे यांत्रिक ट्रॉलर तळ खरवडून त्याची जाळी तोडून नेतात. श्रीलंकेने २०१७ मध्ये तळ खरवडणाऱ्या मासेमारीवर कायद्याने बंदी घातली आहे. त्या समुद्रात दांडगा शेजारी आपण आहोत. गुण देताना मी त्या विद्यार्थ्याला थांबवले आणि एवढेच विचारले की मघाशी पलावानच्या कोळ्यासाठी तू जे मागितलेस, तेच जाफन्याच्या कोळ्याने आपल्याकडे मागितले तर तू काय उत्तर देशील. तो बराच वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, 'सर, नकाशा पुन्हा बघावा लागेल.'